पणजोबांचा ‘राजीनामा’ नेमका कशाचा?

रामबागकर (धागाकर्ता), शनिवार, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. जूनी इंदूरमधलं आमचं वडिलोपार्जित घर रिकामं करायचं काम चालू आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या वेळचे कागद निघाले. बरेचसे वाणसामानाचे हिशेब आणि लग्नाच्या याद्या. एक कागद मात्र वेगळा आहे. वर होळकर सरकारचा छापील स्टॅम्प, त्याखाली ठसठशीत देवनागरीत ‘राजीनामा’ आणि मग ओळीमागून ओळी मोडी. शेवटी संवत 1967, म्हणजे इसवी सन 1910-11. घड्यांवर कागद विरलाय, शाई अजून काळीभोर आहे.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी: पणजोबा दरबारात कारकून होते, वरिष्ठाशी खटकलं आणि त्यांनी राजीनामा तोंडावर फेकला. आत्या ही गोष्ट आजही अभिमानाने सांगते. कागद निघाल्यावर सगळ्यांना वाटलं, हाच तो! पण शेजारच्या वकीलसाहेबांनी नुसतं शीर्षक वाचलं आणि म्हणाले, “अच्छा, किसी से सुलह हुई होगी.” मी म्हटलं, राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. ते म्हणाले, “हमारे यहाँ तो राजीनामा मतलब समझौता.”

एकाच गावात एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे? आणि त्या काळी इंदूरच्या मराठी माणसाने ‘राजीनामा’ लिहिला, तर तो कशाचा समजायचा? आत्याला काय सांगायचं ते यावर अवलंबून आहे, म्हणून कळकळीने विचारतोय.


अधिवक्ता_ताई, शनिवार, रात्री 9:52

तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी इथे जिल्हा न्यायालयात वकिली करते. आमच्याकडे ‘राजीनामा’ हा शब्द रोज उठून कानावर पडतो आणि त्याचा नोकरीशी काहीएक संबंध नसतो. मारहाणीची साधी केस असेल, दोन्ही शेजाऱ्यांचं मिटलं असेल, तर फिर्यादी अर्ज देतो की आमचा राजीनामा झाला आहे, प्रकरण पुढे चालवायचं नाही. कोणते गुन्हे असे आपसात मिटवता येतात त्याची यादी आधी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. काही गुन्हे पक्षकार स्वतः मिटवू शकतात, काहींना कोर्टाची परवानगी लागते. मिटलं की आरोपी निर्दोष सुटतो. दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात बातमी येते, “राजीनामे के आधार पर बरी”.

दिवाणी दाव्यातही तेच. तडजोड लेखी हवी, दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, मग तिच्यावर हुकूमनामा होतो. असा संमतीचा हुकूमनामा झाला की त्याच्यावर अपील चालत नाही. लोक अदालतीच्या दिवशी तर आमच्या बाररूममध्ये दुसरा शब्दच नसतो: चेक बाउन्स, अपघाताचे दावे, वीजबिलं, “राजीनामा हुआ क्या?”

एक गोष्ट आवर्जून सांगते. राजीनामा नोंदवताना न्यायाधीश पक्षकाराला समोर उभं करून विचारतात, “अपनी मर्ज़ी से कर रहे हो? कोई दबाव तो नहीं?” बाई असेल तर मी स्वतः आदल्या दिवशी तिला वेगळं बसवून विचारते. कारण कोर्टात ‘हो’ म्हणणाऱ्या प्रत्येकीच्या मागे कोण उभं आहे ते मला दिसत असतं.


मूळचा_देवासचा, शनिवार, रात्री 10:05

आमच्या घरी तर दोन्ही अर्थ चालतात आणि गोंधळ अजिबात होत नाही. ‘काकांनी राजीनामा दिला’ म्हणजे नोकरी सोडली. ‘काकांचा आणि घरमालकाचा राजीनामा झाला’ म्हणजे मिटलं. देणं आणि होणं, क्रियापद बघायचं. पुण्याच्या वहिनी मात्र ‘राजीनामा झाला’ ऐकून पहिल्यांदा दचकल्या होत्या, काकांची नोकरी गेली की काय म्हणून.


फारसीप्रेमी, शनिवार, रात्री 11:20

या शब्दावर लिहायला मिळतंय याचा आनंद आहे. जरा सविस्तर लिहितो.

‘राज़ी’ हा मुळात अरबी. अर्थ: संतुष्ट, कबूल असलेला. ‘नामा’ फारसी, म्हणजे लेख, पत्र. करारनामा, जाहीरनामा, पंचनामा, मुखत्यारनामा यांतला तोच ‘नामा’. पंचनाम्यात तर आपण त्याला संस्कृत ‘पंच’ जोडून घेतलाय. तेव्हा राजीनामा म्हणजे शब्दशः ‘मी राजी आहे’ असं लिहून दिलेलं पत्र. त्यात सोडणं कुठेच नाही.

या एकाच अरबी धातूची किती लेकरं मराठीत नांदतात पाहा. राजी. नाराज. मर्जी. आणि ऑफिसात रोज मागतो ती रजा! ‘रज़ा’ म्हणजे संमती, परवानगी. हिंदी-उर्दूत तो अर्थ अजून आहे, ‘रज़ामंदी’ म्हणतात. मराठी-गुजरातीत मात्र वरिष्ठाने दिलेल्या परवानगीवरून अर्थ सरकत सरकत सुट्टीवर आला. बखरीत ‘खप्पामर्जी’ भेटते, म्हणजे धन्याची मर्जी खफा झाली. तीही याच घरातली. उच्चारही ऐका. रजा आणि नाराज यांतला ज दंत्य, जहाजातल्यासारखा. राजी आणि मर्जी यांतला तालव्य, कारण पुढे ई आली की मराठी जीभ तिकडे वळते. एकाच मुळाच्या शब्दांत दोन ज झाल्यामुळे ते भाऊबंद आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही.

आता हिंदीतला ‘इस्तीफ़ा’ घ्या. तोही अरबी, पण धातू वेगळा: ज्यातून माफ, माफी आले तो. इस्तीफा म्हणजे ‘मला मोकळीक द्या, माफ करा’ अशी विनंती. म्हणजे पद सोडताना हिंदी भाषक माफी मागतो आणि मराठी माणूस ‘मी राजी आहे’ असं सांगतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

सोडण्यापर्यंत हा शब्द कसा पोहोचला, याची माझी मांडणी अशी. तक्रारदाराने ‘माझं समाधान झालं’ असं लिहून दिलं की त्याचा दावा संपला. दावा संपला म्हणजे त्याने हक्क सोडला. हक्क जमिनीचा असेल तर जमीन सोडली. आणि ‘माझ्या खुशीने सोडतो’ हे लिहून देण्याची रीत एकदा पडली, की नोकरी सोडतानाही तोच कागद. हिंदी पट्ट्यात शब्द पहिल्या पायरीवर थांबला, मराठी-गुजरातीत शेवटपर्यंत चालत गेला.


बडोद्याची_मावशी, रविवार, सकाळी 7:40

फारसीप्रेमी, सकाळी सकाळी तुमचं लिखाण वाचून मन प्रसन्न झालं. आमच्या गुजरातीत ‘राजीनामुं’ म्हणजे पद सोडणंच. आणि ‘राजी’ म्हणजे नुसतं कबूल नाही, चक्क आनंदी. ‘हुं बहु राजी थई’ म्हणजे मला फार आनंद झाला! गुजराती शेजारीण मुलाच्या राजीनाम्याची बातमी रडत रडत सांगते तेव्हा त्या शब्दाच्या पोटात आनंद बसलाय हे तिच्याही ध्यानात नसतं.

बडोद्याला राज्यकारभाराच्या शब्दांचं वेड जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ नावाचा कोश करवून घेतला, 1931 मध्ये निघाला. इंग्रजी कारभारी शब्द घेऊन त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द दिलेत. त्याच्याही आधी शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय हवेत म्हणून. एवढं होऊनही राजीनामा काही हलला नाही. हिंदीत ‘त्यागपत्र’ छापलं जातं. मराठीत ते मला अजून परकं वाटतं. त्याग हा फार मोठा शब्द आहे, महिन्याच्या नोटिशीवर नोकरी सोडणाऱ्याच्या अंगाला तो बसत नाही.


मोडीवाला, रविवार, सकाळी 8:15

रामबागकर, कागदाचा स्वच्छ फोटो निरोपातून पाठवा. उजेडात काढा, फ्लॅश नको, शाई चमकते. वाचून देतो.

तोपर्यंत फारसीप्रेमींच्या साखळीतल्या मधल्या कडीबद्दल. ती मुंबई इलाख्यात ठळक दिसते. रयतवारीत जमीन सरकारकडून थेट शेतकऱ्याच्या नावावर. त्याला ती सोडायची असेल तर तो मामलेदाराकडे ‘राजीनामा’ द्यायचा आणि जो ती घेणार तो ‘कबुलायत’ लिहून द्यायचा. दोन कागद जोडीने जायचे, मग खातं फिरायचं. शेत विकलं तरी दफ्तरात नोंद अशीच: याचा राजीनामा, त्याची कबुलायत. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातही कब्जेदाराने लेखी सूचना देऊन जमीन सोडण्याची तरतूद आहे. दुष्काळात शेतसारा भरता येईना म्हणून कितीतरी कुळांनी असे राजीनामे दिले. ‘राजी’ हा शब्द त्या कागदांवर वाचताना माझ्या पोटात तुटतं.


अधिवक्ता_ताई, रविवार, सकाळी 8:47

रामबागकर, काल रात्रभर एक प्रश्न डोक्यात होता. लिहून दिलेला कागद ज्याला लिहून दिला त्याच्याकडे राहतो. पणजोबांनी नोकरीचा राजीनामा दिला असेल तर तो दरबाराच्या दफ्तरात जमा झाला असेल. मूळ कागद, स्टॅम्पसकट, तुमच्या माळ्यावर कसा?


रामबागकर, रविवार, सकाळी 9:30

ताई, हा विचार आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. मोडीवाला, फोटो पाठवलेत.


भंवरकुआँवासी, रविवार, सकाळी 11:05

धाग्याला थोडा फाटा फोडतेय, चालेल ना? मी इथे कोचिंगसाठी राहते, राज्यसेवेची तयारी काही वर्षं केली. या वर्षी फॉर्म भरायचा नाही असं ठरवलंय. घरी सांगायचंय आणि शब्द सापडत नाहीये. राजीनामा तर नाही, कारण पद मिळालंच नव्हतं. ‘हार मानली’ म्हटलं की आई रडेल. ‘नाद सोडला’ म्हटलं तर बाबांना वाटेल आजवरचं सगळं उगाच होतं. मराठीत हे नेमकं सांगणारं काही आहे का?


मूळचा_देवासचा, रविवार, सकाळी 11:20

‘हात टेकले’ म्हणू नकोस एवढं सांगतो. हात टेकतात ते दुसऱ्यापुढे, म्हणजे ऐकतच नाही असल्या माणसापुढे. ‘या पोरापुढे मी हात टेकले.’ तुझ्या बाबतीत ते बसत नाही. आणि ‘नांगी टाकली’ तर मुळीच नाही. ते विंचवाचं लक्षण आहे, डंख मारायची ताकद असून लढाईआधीच खाली टाकणं. तू लढलीस.


बडोद्याची_मावशी, रविवार, दुपारी 12:10

बाळा, ‘थांबले’ म्हण. ‘मी आता इथे थांबते’ एवढंच आईला सांग. आपल्याकडे कीर्तनकार थांबतो, गवई थांबतो, पाहुणा निघतानासुद्धा ‘निघतो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. आणि रडली तर रडू दे आईला. ती तुझ्या निर्णयावर रडणार नाही, तुझ्या कष्टांसाठी रडेल.


फारसीप्रेमी, रविवार, दुपारी 12:45

मावशींशी सहमत. सोडण्याचे मराठी शब्द फार सूक्ष्म भेद सांभाळतात आणि तिच्या प्रश्नामुळे ते बाहेर येताहेत, तर आणखी दोन-तीन टिपून ठेवतो.

‘पाणी सोडणे’ आता नुकसानीला वापरतात: ‘उसने दिलेल्या पैशांवर पाणी सोडलं.’ पण मूळ विधी दानाचा आहे. दान देताना हातावरून पाणी सोडायचं, उदक सोडायचं. पाणी हातातून निघालं की वस्तूवरचं ‘माझं’ गेलं. जुन्या दानपत्रांत ‘उदकपूर्वक’ असा शब्दच असतो. कन्यादानातही हातावर पाण्याची धार असते. म्हणून पाणी ‘सोडलं’ यात सोडणारा मी असतो. ‘मेहनतीवर पाणी फिरलं’ यात मात्र फिरवणारा दुसराच कोणी असतो. इंदुरी बोलण्यात ही दोन सर्रास एकमेकांत मिसळतात, हिंदीच्या संगतीने. माझं आग्रहाचं सांगणं आहे, मिसळू देऊ नये. त्या एका क्रियापदात निर्णय कोणाचा होता हे साठवलेलं आहे.

‘तुळशीपत्र ठेवणे’ त्याहून पुढचं. नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवलं की तो देवाचा झाला, आता त्याला हात लावायचा नाही. स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांबद्दल ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवलं’ म्हणतात ते या अर्थाने. ‘तिलांजली’ मात्र मृताला दिलेलं तीळपाणी. ज्याला तिलांजली दिली ते तुमच्या लेखी मेलं. म्हणून सवयीला, व्यसनाला ती शोभते. स्वप्नाला देऊ नये असं मला वाटतं.

आणि ‘गाशा गुंडाळणे’! गाशा हे घोड्याच्या खोगिरावरचं आच्छादन, शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला. स्वार मुक्काम हलवताना ते गुंडाळायचा. आज दुकानं आणि कंपन्या गाशा गुंडाळतात, घोडा विस्मरणात गेला.


भंवरकुआँवासी, रविवार, दुपारी 1:30

मावशी, ‘थांबते’ हेच म्हणेन. आज संध्याकाळी फोन करते घरी.


मल्हारगंज, रविवार, दुपारी 3:15

धागा इंदूरचा आहे आणि गादी सोडण्याचा विषय अजून निघाला नाही? आपल्या शहराने हे लागोपाठ दोन पिढ्या पाहिलंय.

शिवाजीराव होळकरांनी जानेवारी 1903 मध्ये गादी सोडली. मुलगा तुकोजीराव तेव्हा 12 वर्षांचा. हेच तिसरे तुकोजीराव पुढे बावला खून प्रकरणात अडचणीत आले. जानेवारी 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर मोटार अडवून अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. मोटारीतल्या मुमताज बेगमला पळवून नेण्याचा तो डाव होता, ती आधी इंदूर दरबारात होती. धागे इंदूरपर्यंत पोहोचल्यावर ब्रिटिश सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी मुलगा यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली.

आता शब्दाकडे या. याला आपण ‘राजीनामा’ म्हणत नाही. गादी सोडली, पायउतार झाले, राज्यत्याग केला, असं म्हणतो. मला कारण असं दिसतं: राजीनाम्याला तो मंजूर करणारा कोणीतरी वर लागतो. राजाच्या वर कोणी नाही अशी भाषेची समजूत आहे. प्रत्यक्षात 1926 मध्ये वर रेसिडेन्सी, म्हणजे ब्रिटिश सरकारची कचेरी बसली होती, तरी भाषेने राजाचा मान राखला.


बडोद्याची_मावशी, रविवार, दुपारी 3:50

आणि आमच्या मल्हारराव गायकवाडांना 1875 मध्ये तेवढीही मुभा नव्हती. चौकशी झाली आणि सरकारने पदच्युत केलं. तिथे ना राजीनामा, ना त्याग. इंदूरच्या महाराजांना दोन वाटा तरी होत्या. पण दोन्हीकडे खड्डा असेल तर त्याला राजीखुशी म्हणायचं का, हा प्रश्न मला सतावतोय.


अधिवक्ता_ताई, रविवार, सायंकाळी 5:25

मावशी, कायद्यालाही हाच प्रश्न सतावतो. खासदार-आमदारांच्या राजीनाम्याबद्दल 1974 ची 33 वी घटनादुरुस्ती आहे. राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही किंवा खरा नाही असं अध्यक्षांचं मत झालं, तर त्यांनी तो स्वीकारायचा नाही. अनुच्छेद 101 आणि 190 पाहा. मार्च 2020 मध्ये आपल्या मध्य प्रदेशात 22 आमदारांचे राजीनामे आले आणि सरकार गेलं, तेव्हा वादात हाही मुद्दा होता. हिंदी वाहिन्या दिवसभर ‘इस्तीफ़ा’ म्हणत होत्या. पण घटना जे तपासायला सांगते ते ‘राजी’ आहे की नाही, तेच. आपल्या शब्दाच्या पहिल्याच दोन अक्षरांत ती अट लिहिलेली आहे.

म्हणून मराठीत ‘राजीनामा मागितला’, ‘राजीनामा घेतला’ हे वाचलं की मी थबकते. वर्तमानपत्रं रोज लिहितात. मागून घेतलेली संमती!


मल्हारगंज, रविवार, सायंकाळी 6:10

ताई, मागून घेतलेले असतात तसे मनापासून दिलेलेही असतात. आपल्या महूत जन्मलेले बाबासाहेब घ्या. हिंदू कोड बिल बारगळलं, सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी कायदेमंत्रीपदाचा राजीनामा दिला आणि कारणं खुली मांडली. चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रीपद सोडलं. टिळकांनी 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडताना लांबलचक पत्र लिहून एकेक मुद्दा मांडला. हे तिघेही नाराज होते, आणि तिघांनीही राजीनामाच दिला. नाराजी कागदात पुरी उतरली म्हणूनच ते राजीनामे आज वाचावेसे वाटतात.


मोडीवाला, रविवार, रात्री 9:35

वाचून झालं. रामबागकरांची परवानगी घेऊन, नावं गाळून, मजकूर देतो. दोन ठिकाणी घडीवर अक्षरं गेली आहेत, तिथे टिंबं.

“राजीनामा लिहून घेणार … थोरले बंधू यांसी, लिहून देणार … धाकटे बंधू, कारणे राजीनामा लिहून देतो ऐसाजे. आपले वडिलोपार्जित राहते घर यांतील माझे हिश्शाबद्दल तुमचा माझा तंटा अदालतींत चालत होता. तो पंचांचे विचारें मिटोन रुपये … रोख भरून पावलों. सबब आजपासोन घरावर माझा अगर माझे वारसांचा दावा राहिला नाहीं. मात्र मागील आडाचे पाणी भरावयाची माझी वहिवाट आहे ती तशीच चालावी. हा राजीनामा राजीखुशीनें व अक्कलहुशारीनें लिहून दिला. सही.”

खाली तीन साक्षी आणि दस्तूर, म्हणजे कागद कोणाच्या हातचा त्याची नोंद.

ताईंची शंका नेमकी होती. तुमचे पणजोबा इथे लिहून घेणार आहेत, म्हणून मूळ कागद तुमच्याकडे. लिहून देणारा त्यांचा धाकटा भाऊ. म्हणजे तडजोडही आहे आणि सोडणंही, तुमच्या शेजारच्या वकीलसाहेबांचा अर्थ आणि तुमचा अर्थ दोन्ही एकाच कागदात. फारसीप्रेमींनी सांगितलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या बरोबर मध्ये हा कागद उभा आहे.

‘भरून पावलों’ याकडेही लक्ष द्या. आज आपण कौतुकाने ‘भरून पावलो’ म्हणतो किंवा वैतागून. इथे तो सरळ पावतीचा शब्द आहे: रक्कम पुरी मिळाली.

पणजोबांच्या नोकरीची गोष्ट या कागदाने खरीही ठरत नाही, खोटीही. तो वेगळा कागद. तो शोधायचा असेल तर दरबारच्या दफ्तरात.


रामबागकर, रविवार, रात्री 10:40

मोडीवाला, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आत्ताच आत्याला फोनवर शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. आडाचं वाक्य ऐकल्यावर मात्र एकदम म्हणाली, “म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या काकू आपल्याकडे पाण्याला यायच्या!” तिच्या लहानपणी पलीकडच्या गल्लीतलं एक कुटुंब मागच्या दाराने येऊन आडाचं पाणी भरायचं. पितळी घागर, सोबत एक मुलगी. आजी त्यांना कधी अडवायची नाही आणि कधी आत बसाही म्हणायची नाही. का, ते मुलांनी विचारायचं नसे. नळाला नर्मदेचं पाणी आलं तेव्हा त्यांचं येणं थांबलं.

म्हणजे ते आमचेच. चुलत घराणं शे-दीडशे पावलांवर राहत होतं आणि आमच्या पिढीला नात्याचा पत्ता नाही. आड आता बुजवलाय, वर फरशी आहे. घर विकायच्या आधी त्या कुटुंबाला शोधायचं असं आत्याने बजावलंय, आणि मलाही तेच वाटतं. ताई, त्यांचा आता काही कायदेशीर हक्क निघतो का, ते तुम्हाला निरोपातून विचारतो. निघत नसला तरी त्यांना भेटणार आहे.


अधिवक्ता_ताई, रविवार, रात्री 11:00

जरूर विचारा. विक्रीचा करार करण्याआधी हा कागद खरेदीदाराच्या वकिलालाही दाखवा, लपवू नका. मूळ कागद लॅमिनेट मात्र करू नका, आम्लरहित कागदात सपाट ठेवा.


मोडीवाला, रविवार, रात्री 11:12

रामबागकर, एक काम करा. कागदाच्या मागच्या बाजूचा फोटो आला नाही. समोरून पाहताना उजव्या कोपऱ्यात मागची शाई उमटलेली दिसतेय, दोन-तीन ओळी असाव्यात. पैसे हप्त्याने दिले असतील तर त्याची नोंद तिथे मिळेल, आणि एखाद्या साक्षीदाराचं गाव कळलं तर त्या घराण्याचा माग काढायला सोपं जाईल. उद्या उजेडात काढून पाठवा.